अंडरवर्ल्ड : खालचे जग नेमके कोणाचे?

'अंडरवर्ल्ड' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. शब्द इंग्रजी, पण चौथी शिकलेल्या आजीलाही तो कळतो. सिनेमाच्या जाहिरातीत तो आहे, बातम्यांत आहे, सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडी आहे. मात्र त्याचा अर्थ विचारला तर प्रत्येकजण वेगळे सांगतो. आमच्या विहारातील अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांना मी एकदा हा शब्द फळ्यावर लिहून दिला आणि अर्थ लिहायला सांगितला. एकाने लिहिले 'भाई लोकांचे जग', दुसऱ्याने लिहिले 'दुबई', तिसऱ्याने 'जिथे पोलीस जात नाहीत ती जागा'. एका मुलीने सरळ लिहिले 'जमिनीखालचे जग'.

या चारही उत्तरांत थोडे थोडे सत्य आहे. म्हणूनच या शब्दाची नीट झडती घेतली पाहिजे. शब्द साधा वाटला तरी त्याच्या पोटात 'वरचे कोण आणि खालचे कोण' हा प्रश्न दडलेला आहे. आणि हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाच्या परिचयाचा आहे?

पाताळापासून सुरुवात

अंडर म्हणजे खाली, वर्ल्ड म्हणजे जग. मूळ अर्थ एवढाच. जुन्या ग्रीक लोकांची समजूत होती की मेलेली माणसे जमिनीखालच्या राज्यात जातात आणि तेथे हेडीस नावाचा देव राज्य करतो. आपल्याकडे पुराणांनी एकाखाली एक असे सात लोक रचले. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल. त्यांचे अवशेष आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. घर बुडाले की आपण 'रसातळाला गेले' म्हणतो. कारस्थानी माणसाला 'पाताळयंत्री' म्हणतो.

पण याच पाताळात कोणाला ढकलले, तेही आठवावे. बळीराजाला! वामनाने तीन पावलांत त्याचे राज्य घेतले आणि त्याला पाताळात घातले, असे पुराण सांगते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून या कथेची उलटतपासणी केली आणि ज्याला खाली गाडले तोच रयतेचा राजा होता असे सांगितले. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, त्या वामनाचे राज्य येवो असे म्हणाल्या नाहीत. तेव्हा कोणी 'खाली' आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. त्याला खाली कोणी ढकलले, हे आधी पाहावे लागते.

'भूमिगत' हा शब्दही असाच आहे. १९४२ च्या चळवळीत क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत झाले आणि साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. तेथे भूमिगत म्हणजे देशभक्त. आणि आपल्या महापालिकेच्या कागदावर 'भूमिगत' हा शब्द येतो तो गटाराच्या आधी.

चोर, जुगारी, दलाल, भाडोत्री मारेकरी यांच्या दुनियेला अंडरवर्ल्ड म्हणण्याची रीत त्या मानाने नवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या शहरांत तो अर्थ रूढ झाला. आपल्याकडे तो इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि सिनेमातून आला. मराठीत 'अधोविश्व', 'गुन्हेगारी जगत' असे शब्द झाले, पण ते छापील कागदावरच राहिले. बोलण्यात अंडरवर्ल्डच टिकला.

आपलेच शब्द उचलून नेले

या दुनियेला स्वतःची भाषा आहे असे म्हणतात. बारकाईने पाहिले तर त्यातले पुष्कळ शब्द कष्टकऱ्यांच्या घरातून उचललेले आहेत.

'सुपारी' घ्या. आपल्याकडे लग्न ठरले की सुपारी फोडतात. तमाशाचा फड किंवा बँडपथक ठरवताना विसार देतात, त्यालाही सुपारी म्हणतात. 'यंदा जत्रेची सुपारी कोणाला?' असे गावाकडे आजही विचारतात. अवघड काम पत्करणे म्हणजे 'विडा उचलणे'. दिलेला शब्द पाळण्याची ही खूण. आज सुपारी म्हटले की पैसे घेऊन केलेला खून डोळ्यांसमोर येतो.

'भाई' हा तर चळवळीचा शब्द. शेतकरी कामगार पक्षात सहकाऱ्याला भाई म्हणत. भाई उद्धवराव पाटील हे नाव जुन्या माणसांना आठवत असेल. आपल्या दलित पँथरमध्येही भाई संगारे होते. भाई म्हणजे लढ्यातला भाऊ. तसाच 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, ज्याच्या भरवशावर धाकटी बहीण अंधारातून क्लासवरून घरी येते. त्याच दादाची 'दादागिरी' झाली आणि बहीण त्याच्याच भीतीने रस्ता बदलू लागली.

'हप्ता' आपल्या घरात भिशीचा असतो, शिलाई मशीनचा असतो, बचत गटाच्या कर्जाचा असतो. तो पोटाला चिमटा काढून भरला जातो. टपरीवाल्याकडून आणि भाजीवालीकडून दमदाटीने काढलेल्या पैशालाही हप्ताच म्हणतात. 'खंडणी' हा पूर्वी राजकारभारातला शब्द, मांडलिक राजाने बलिष्ठ राजाला द्यायची रक्कम. आज तो डॉक्टरला आणि बिल्डरला येणाऱ्या फोनवर उरला.

आणि 'गँग'? कल्याण जंक्शनच्या परिसरातील जुन्या कुटुंबांना विचारा. रेल्वेतली गँग म्हणजे रुळांची देखभाल करणारी माणसे. हातात घण आणि पहार, डोक्यावर ऊन. गँगमनच्या पगारावर कितीतरी मुले शिकली. पुढे रेल्वेने गँगमन हे नाव बदलून ट्रॅकमन केले, पण गँग या शब्दाने आपल्या माणसांची चूल पेटवली होती, हे विसरता येत नाही.

आपल्या शहराच्या नावाचीही अशीच गंमत झाली आहे. 'कल्याण मटका' म्हटले की बाहेरच्या लोकांना वाटते हा जुगार आमच्या कल्याणचा. तसे नाही. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावाच्या आकड्यांवर पैसे लावत. ते आकडे बंद झाल्यावर १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी स्वतःचे आकडे काढणे सुरू केले. त्यांच्या नावावरून 'कल्याण' हे नाव पडले. पैसे लावणाऱ्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा. पगाराच्या दिवशी घरी पोहोचण्यापूर्वीच आकड्यावर गेलेल्या पैशाची कथा आपल्या कित्येक आयांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितली आहे.

हे शब्द आता किती वर चढले पाहा. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी, ही त्या दुनियेची बोली. २०२२ साली विधान भवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके'च्या घोषणा झाल्या आणि साऱ्या महाराष्ट्राला त्याचा अर्थ लगेच कळला. आरोप खरा की खोटा, हा येथे विषय नाही. अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

एका आठवड्यातल्या दोन घटना

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला डॉ. आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतील पोलीस चकमकींचा इतिहास सांगताना ही घटना हमखास सांगतात. त्यावर २०१३ मध्ये हिंदी सिनेमाही निघाला. हा मन्या सुर्वे पदवीधर होता. तेव्हा टोळीत जातात ती झोपडपट्टीतली अडाणी पोरेच, हा समज पहिल्या पानावरच खोटा ठरतो.

बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. कोणी गावी गेले, कोणी ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकले. बायकांनी खानावळी चालवल्या, घरकामे धरली. कामाशिवाय मोठ्या होणाऱ्या पोरांपैकी काहींना टोळ्यांनी जवळ केले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात अशाच एका गिरणगावातल्या घराची वाताहत आहे. घरातला एक मुलगा टोळीच्या वाटेला लागतो आणि आई सगळे सांभाळत राहते.

मन्या सुर्वेवर सिनेमा निघाला म्हणून तो पोरांना पाठ आहे. अडीच लाख कामगार मात्र त्यांच्या अभ्यासक्रमातही नाहीत आणि व्हिडिओतही नाहीत.

१९९० च्या दशकात ही दुनिया आपल्या दाराशी आली. ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात खंडणीसाठी सुरेश मंचेकर टोळीचे नाव घेतले जाई. व्यापारी आणि डॉक्टर फोन वाजला की दचकत. २००३ मध्ये कोल्हापुरात पोलीस चकमकीत तो मारला गेला. त्याच्यामागे गेलेल्या पोरांच्या घरी काय उरले, याची बातमी कोणी छापली नाही.

खाली की वर?

अंडरवर्ल्ड खरोखर खाली आहे का? १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्यानंतर केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि सरकारी अधिकारी यांचे साटेलोटे आहे, असे या समितीच्या अहवालात स्पष्ट म्हटले होते. सिनेमात काळा पैसा येतो, ही तक्रार तर जगजाहीर होती. १९९८ मध्ये सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, त्यामागे निर्मात्यांना बँकांकडून सरळ कर्ज मिळावे हाही हेतू होता.

म्हणजे पैसा वर, संरक्षण वर, मेजवान्या वर. खाली असतो तो पिस्तूल घेऊन पळणारा पोरगा. पकडला जातो तोच, आणि चकमकीत मरतो तोही तोच. चकमकीबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. मुंबईतील चकमकींबाबतच्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास झाला पाहिजे, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली पाहिजे, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक देता कामा नये, असे त्यात आहे. सिनेमात टाळ्या पडतात तेथे कायदा प्रश्न विचारतो, हे मुलांना सांगावे.

वस्तीवर बसणारा शिक्का

या शब्दाचा सर्वांत वाईट उपयोग वस्तीला नाव ठेवण्यासाठी होतो. एखाद्या भागात दोन गुन्हे घडले की सबंध वस्ती 'अंडरवर्ल्ड' होते. मग तेथील पत्ता सांगितला की मुलीला नोकरी देताना चेहरा बदलतो.

ही रीत जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तान्हे मूलही गुन्हेगार! तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथेला 'उचल्या' हेच नाव दिले. जगाने शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले. पांढरपेशा वाचकासाठी ते अंडरवर्ल्ड होते. ढसाळांसाठी ती लहानपणीची गल्ली होती. त्याच शहरात राहून एकाला दुसऱ्याची भाषा कळत नव्हती, यात खालचे कोण आणि वरचे कोण?

जरा जमाखर्च मांडू

मी कारकून माणूस. दिवसभर आकडे मांडतो. म्हणून 'भाई' होण्याचा जमाखर्चही मांडून पाहतो.

जमेच्या बाजूला काय? थोडे दिवस खिशात नोटा, एक मोटारसायकल, वाढदिवसाचा बॅनर, तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ. तो व्हिडिओच पुढे पुरावा होतो आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

खर्चाची बाजू लांब आहे. १९९९ चा मोक्का कायदा पाहा. त्यात 'अंडरवर्ल्ड' हा शब्दच नाही. 'संघटित गुन्हेगारी' हा शब्द आहे. टोळीचा सदस्य असणे एवढ्यासाठीच किमान ५ वर्षे, कमाल जन्मठेप, आणि दंड किमान ५ लाख रुपये. टोळीतल्या माणसाला आसरा दिला तरी तेवढीच शिक्षा. आरोपपत्रासाठी मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि जामीन फार कठीण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी देशभरासाठी आली. कलम ११२ तर लहान टोळ्यांसाठीच आहे. टोळीने चोरी, सोनसाखळी हिसकावणे, जुगार, परीक्षेचे पेपर विकणे यासाठी १ ते ७ वर्षे. म्हणजे मटक्याच्या चिठ्ठ्या लिहून चार पैसे मिळवणारा पोरगाही त्यात सापडू शकतो.

यात आईचा खर्च मांडलेला नाही. वकिलाची फी, जामीनदाराच्या मिनतवाऱ्या, तारखेला बुडालेली रोजी, कल्याणच्या आधारवाडी कारागृहाबाहेर मुलाखतीसाठी धरलेली रांग. आधारवाडी! नावात आधार आहे, पण त्या रांगेतल्या बाईला कोणाचाच आधार नसतो. लॉकेट गहाण पडते ते तिचे.

आणखी एक खर्च लगेच दिसत नाही. रेल्वे, पोलीस भरती, पासपोर्ट, आता तर सिक्युरिटी गार्डच्या कामालाही चारित्र्य पडताळणी लागते. गुन्हा लपवून फॉर्म भरला तर पुढे नोकरी जाऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. मात्र किरकोळ गुन्ह्याबाबत सर्व बाजूंचा विचार करावा, असेही त्याच निकालात आहे. म्हणून ज्यांच्या मुलावर एखादा गुन्हा असेल त्यांनी खरे तेच लिहावे, आणि फॉर्म भरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

खरोखर जमिनीखाली कोण उतरते?

आता शब्दाच्या सरळ अर्थाकडे येऊ. जमिनीखालचे जग. ते आपल्या शहरात आहे, आणि आपण रोज त्याच्यावरून चालतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये डोंबिवलीत खंबाळपाडा येथे चेंबरमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. पुढच्याच महिन्यात कल्याण पूर्वेला एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यात वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी येथे एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तीन कामगार मेले. सात महिन्यांत, आपल्या एवढ्याशा पट्ट्यात, अकरा माणसे.

मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड हा वायू निघतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. तेवढ्यात तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आले तर किमान २० लाख. हे आकडे पाठ करावेत, कारण ठेकेदार पन्नास हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. हे काम करणारे बहुसंख्य अनुसूचित जातींचे आहेत, हे सरकारच्या पाहणीतही आले आहे. आपल्याला ते सांगायला पाहणीची गरज नव्हती.

या जगाला कोणी अंडरवर्ल्ड म्हणत नाही. यावर मोठा पडदा लागत नाही. भाईच्या मृत्यूला पहिले पान मिळते. गटारात मेलेल्याला आतल्या पानावर चार ओळी मिळतात, त्यातही कधी नाव नसते.

शब्द परत घेऊ या

वाचक बंधू-भगिनींनो, शब्द हवेत तयार होत नाहीत. ते आपल्याच तोंडून टिकतात. म्हणून काही गोष्टी घरापासून सुरू कराव्यात. मुलाच्या मित्राला 'भाई' म्हणून डोक्यावर चढवू नये. जयंतीच्या वर्गणीसाठी दुकानदाराला दम देणे हा हप्ताच आहे, मग झेंडा कोणताही असो. जयंतीची पावती फाडावी, हिशेब फलकावर लावावा. सोसायटीत किंवा चाळीत सेप्टिक टँक साफ करायचा असेल तर यंत्र मागवावे, माणूस उतरवू नये. आणि कोणी आपल्या वस्तीला अंडरवर्ल्ड म्हटले तर त्याला विचारावे, 'या वस्तीतून सकाळी पहिल्या लोकलने कामाला किती माणसे जातात, ते ठाऊक आहे का?'

ज्या घरातला मुलगा वाट चुकला आहे त्यांनी अंगुलीमाल आठवावा. परंपरा सांगते की तो तक्षशिलेत शिकलेला हुशार विद्यार्थी होता, गुरूच्याच दुष्ट मागणीमुळे दरोडेखोर झाला आणि गळ्यात माणसांच्या बोटांची माळ घालून हिंडू लागला. भगवान बुद्ध त्याच्या रानात एकटे गेले. त्यांनी त्याला जन्मजात गुन्हेगार म्हटले नाही. थांब, एवढेच सांगितले, आणि तो थांबला. पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, ते त्याने सोसले. परत येणाऱ्याला समाज लगेच जवळ करत नाही, हे तेव्हाही खरे होते. पण कोणीतरी त्या रानात जावे लागते. आपल्या गल्लीतला एखादा पोरगा तारखेवरून घरी आला, तर त्याच्याकडे पाहून दार लावून घेऊ नका. त्याला कामाची चौकशी सांगा, अर्धवट राहिलेल्या दहावीचा फॉर्म भरून द्या. एक पोरगा एवढ्याने परत येऊ शकतो. जयभीम!